खतावणीत न उतरलेले नुकसान

बुधवार पेठेचा व्यापार हिशेबावर उभा आहे, हे कोणास सांगावयास नको. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रेता कोणत्या गठ्ठ्यात किती प्रती कमी आल्या ते सांगू शकतो. तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाचा व्यापारी वायरच्या भेंडोळ्यातील मीटरभर तुटीचीही नोंद ठेवितो. तुळशीबागेतील दुकानदार फुटलेल्या बरणीची किंमत त्याच दिवशी रोजकीर्दीत घालतो. माल वाटेत भिजला, उतरविताना फुटला, उंदरांनी कुरतडला, तर ते नुकसान कोणाच्या नावे पडावयाचे याचा निकाल दुकानाची फळी लागण्यापूर्वी होतो. परंतु त्याच दुकानात किंवा त्यामागच्या कारखान्यात कागद कापण्याच्या यंत्राखाली एखाद्याचे बोट सापडले, शिडीवरून पडून एखाद्या कारागिराचा मणका दुखावला, अथवा वर्षानुवर्षे रसायनाची वाफ घेऊन एखाद्याची छाती भरून येऊ लागली, तर ते नुकसान कोणत्या वहीत लिहिले जाते? आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेक ठिकाणी ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. ज्याचे बोट गेले त्याच्या घरच्या खात्यावर ते निमूटपणे पडते, आणि पेठेचा व्यवहार दुसऱ्या दिवशी पूर्ववत सुरू होतो.

या न लिहिलेल्या नुकसानीविषयी आज आम्हांस आमच्या व्यापारी व नागरिक वाचकांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. अपघात होऊच नयेत अशी इच्छा कोणाची नसते? परंतु इच्छेने अपघात टळत नाहीत. जो अपघात लिहिला गेला नाही तो मोजला जात नाही; जो मोजला गेला नाही त्याचे कारण शोधले जात नाही; आणि ज्याचे कारण शोधले नाही तो पुन्हा घडतो, फक्त बोट दुसऱ्याचे असते. म्हणून नोंद करणे हे कारकुनी काम आहे असे समजू नये. कामगाराच्या रक्षणाची ती पहिली पायरी होय.

नोंद का होत नाही, याचे कारण फार दूर शोधावे लागत नाही. दुखापत झालेल्या मनुष्यास जवळच्या दवाखान्यात नेले जाते. डॉक्टर विचारतात, काय झाले? बरोबर गेलेला मनुष्य कामगाराकडे पाहतो आणि उत्तर देतो: ‘घरी पडला.’ या दोन शब्दांत किती गोष्टी बुडतात, याची कल्पना उत्तर देणारास बहुधा नसते. यंत्रावर हात कापला असे सांगितले तर पोलिसांकडे खबर जाईल, मालकास हेलपाटे पडतील, कामगाराची नोकरी जाईल, अशी भीती दोन्ही पक्षांच्या मनात असते. मालक तेवढ्या वेळेपुरता औषधपाण्याचा खर्च देतो, पंधरा दिवसांचा पगारही कधी देतो, आणि प्रकरण मिटले असे सर्वांस वाटते. परंतु सहा महिन्यांनी जखम चिघळली, बोट आखडले, मुठीत पाना धरवेनासा झाला, आणि त्या मनुष्याने भरपाई मागण्याचे मनात आणले, तर त्याच्या विरुद्ध पहिला साक्षीदार त्याचाच केसपेपर असतो. त्यावर ‘घरी पडला’ असे त्याच दिवशीचे, डॉक्टरच्या हातचे लिखाण असते. मालकाच्या दयेवर जे मिळाले तेवढेच त्याचे. हक्काने मिळावयाचे ते त्या दोन शब्दांनी गेले.

येथे हक्क हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो. कामावर जखमी झालेल्या मनुष्यास भरपाई मिळावी ही मागणी परदेशातून उसनी आणलेली नाही. ती मराठी माणसाने मराठी कामगारांच्या वतीने केलेली आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढले. पुढे ते मुंबईस नेऊन चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या वतीने एक अर्ज सादर केला. त्यात आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती व वेळेवर पगार या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती. गिरणीत काम करीत असता ज्यास भारी दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा पंगू होईल त्याच्या चरितार्थाची योग्य तजवीज व्हावी. सुटीची मागणी १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली, आणि रविवारी भोंगा वाजेनासा झाला तो लोखंड्यांच्या खटपटीने, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच अर्जातील दुखापतीच्या मागणीचे स्मरण मात्र फारच थोड्यांस आहे. तिला कायद्याचे रूप मिळण्यास १९२३ साल उजाडावे लागले, आणि तो कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मागणी आणि कायदा यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली. लोखंडे १८९७ सालीच प्लेगने निवर्तले होते.

कारखान्यांच्या कायद्याची वाटचालही अशीच बोधप्रद आहे. १८८१ सालचा पहिला कायदा शंभर अथवा अधिक माणसांच्या कारखान्यापुरता होता. १८९१ साली ही संख्या पन्नासावर आली, १९२२ साली वीसवर, आणि स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९४८ च्या कायद्याने, यंत्रशक्ती वापरली जात असल्यास, दहावर. सदुसष्ट वर्षे कायद्याची सावली मोठ्या गिरणीवरून लहान कारखान्याकडे सरकत आली. त्यानंतर उलट वारा वाहू लागला. २०२० साली संसदेने मंजूर केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली जी व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, तीत कारखाना ठरण्यासाठी यंत्रशक्ती असल्यास वीस व नसल्यास चाळीस कामगार लागतात. तथापि ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक कामगार आहेत, मग ती दुकान असो वा कारखाना, तिच्यावर अपघाताची खबर देण्याची जबाबदारी या संहितेने घातली आहे. ज्या दुखापतीमुळे कामगारास ४८ तास अथवा अधिक काळ काम करता येत नाही, तिची सूचना मालकाने सरकारी अधिकाऱ्यास दिलीच पाहिजे. यास मालकाची इच्छा असो वा नसो.

आता आमच्या पेठेकडे पाहावे. तपकीर गल्लीतील दुकानात किती माणसे असतात? पुस्तकबांधणीच्या खोलीत किती? लग्नपत्रिका छापणाराकडे, मोटारी व पंख्यांच्या तारा पुन्हा गुंडाळणाराकडे, मिठाईच्या भट्टीवर किती? कोठे तीन, कोठे पाच, कोठे सात. दहाचा आकडा ओलांडणारे थोडे. म्हणजे ज्या ठिकाणी जुन्या वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यावरून गठ्ठे चढतात, जेथे एकाच प्लगवर चार यंत्रे चालतात, जेथे रसायनाचा डबा व जेवणाचा डबा एकाच फळीवर असतो, तेथे खबर देण्याचे बंधन बहुधा पोहोचतच नाही. कायदा जेथे थांबतो तेथे समाजाची सद्सद्विवेकबुद्धी सुरू झाली पाहिजे, नाहीतर तेथे काहीच सुरू होत नाही.

मोठ्या दुर्घटना वर्तमानपत्रांत येतात. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे रासायनिक कारखान्यास आग लागून सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे केकवर लावण्याच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात भडका उडून पहिल्याच दिवशी सहा स्त्रियांचे प्राण गेले. त्या वेळी चौकशी झाली, मदत जाहीर झाली, हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. परंतु मृत्यू लपविता येत नाही म्हणून तो लिहिला जातो. बोट लपविता येते म्हणून ते लिहिले जात नाही. हा आमचा तर्क आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आकडेच पाहू.

केंद्र सरकारच्या कारखानाविषयक महासंचालनालयाने गोळा केलेल्या माहितीप्रमाणे २०१७ ते २०२० या काळात आपल्या देशातील नोंदलेल्या कारखान्यांत दररोज सरासरी तीन कामगार मृत्यू पावले आणि अकरा जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे चारसुद्धा जखमी नाहीत. ब्रिटनमध्ये २०२२-२३ या वर्षात कामावर १३५ कामगार मरण पावले, आणि मालकांनी स्वतः कळविलेल्या दुखापती ६०,६४५ होत्या. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे साडेचारशे. दोन देशांचे कायदे, धंदे व मोजण्याची रीत सारखी नाही हे आम्ही मान्य करितो. तेथील आकडा सर्व धंद्यांचा आहे, येथील कारखान्यांचा. परंतु तेथे साधारणतः सात दिवसांहून अधिक काम बुडविणारी दुखापत कळवावयाची असते, येथे दोनच दिवसांची. तेव्हा आपल्याकडे जखमींचे प्रमाण उलट अधिक दिसावयास हवे होते. आपल्या देशातील यंत्रे माणसास मारतात पण जखमी करीत नाहीत, असे मानावयास कोणता शहाणा मनुष्य तयार होईल? याचा सरळ अर्थ इतकाच की जखमी झालेली माणसे कागदावर आलीच नाहीत. ब्रिटनमध्येही कामगारांस घरोघर विचारले तेव्हा त्याच वर्षी ५,६१,००० लोकांनी आपणास लहानमोठी दुखापत झाल्याचे सांगितले. शिस्तीच्या देशातही इतकी तफावत पडते, मग आमच्या पेठेतील सात माणसांच्या कारखान्याची काय कथा?

अपघाताचे निदान एक बरे असते की त्यास दिवस व वेळ असते. रोगास तीही नसते. म्हणून कामामुळे होणाऱ्या रोगांची स्थिती अपघातांहून वाईट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे २९ लाख कामगार कामामुळे मृत्यू पावतात. त्यांत अपघाताने मरणारे ३ लाख ३० हजार, आणि रोगाने मरणारे सुमारे २६ लाख. एकाच्या मागे आठ. यंत्राचे पाते दिसते म्हणून आपण त्यास भितो; धूळ, आवाज, वाफ व ओझे ही आठपट मोठी शत्रुसेना घरात बसलेली असते, आणि तिला आपण ‘वयाचा परिणाम’ असे नाव देतो.

हे रोग ओळखावे कसे, याविषयी आमच्या वाचकांस दोन-तीन उदाहरणे उपयोगी पडतील. मुंबईच्या कापडगिरण्यांत पिंजणखात्यातील कामगारांस कापसाच्या धुळीने छातीचा विकार होई. त्याची खूण अशी की आठवड्याची सुटी भोगून मनुष्य कामावर परतला की पहिल्याच दिवशी छाती आवळून येई, आणि पुढील दिवसांत थोडी हलकी होई. साधा दमा वार पाहून येत नाही. हा येत असे. ही खूण ज्याने विचारली त्यासच रोग सापडला. बाकीच्यांनी विडीस दोष देऊन औषध लिहून दिले.

दुसरे उदाहरण आवाजाचे. कसबा पेठेच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी, जेथे पत्र्यावर दिवसभर हातोडा पडतो, किंवा लहान खोलीत जेथे यंत्रे अष्टौप्रहर खडखडतात, तेथे कानाच्या आतील सूक्ष्म पेशी हळूहळू मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. मनुष्यास आवाज ऐकू येतो पण शब्द उमगत नाहीत. तो ‘काय म्हणालात?’ असे वारंवार विचारू लागतो, आणि घरची माणसे त्यास विसराळू अथवा हट्टी समजतात. ज्या आवाजात हातभर अंतरावरील मनुष्याशी ओरडून बोलावे लागते तो आवाज कानास घातक आहे, एवढी साधी परीक्षा प्रत्येक मालकास करता येईल.

तिसरे उदाहरण आमच्याच धंद्याचे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात अक्षरांचा धातू मुख्यतः शिशाचा असे. खिळे हाताळलेल्या हातांनीच जुळारी भाकरी खाई, आणि धातू वितळविण्याच्या जागी तीच हवा श्वासात घेई. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळे पडणे ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे होत. तो काळ गेला. परंतु शाई, सरस, वार्निश व पातळ करणारी द्रव्ये यांचा वास आजही त्याच बोळांतून येतो, आणि हातास फोड, डोळ्यांस चुरचूर, संध्याकाळी डोके जड होणे या तक्रारींस आजही कोणी धंद्याशी जोडून पाहत नाही.

इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि रोग्यास विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालण्यास आपल्या व्यवसायबंधूंस सांगितले: तुझा धंदा कोणता? यास सव्वातीनशे वर्षे झाली. आमच्या पेठेतील दवाखान्यांत नाव, वय व पत्ता लिहिला जातो. धंद्याचा रकाना बहुधा कोराच राहतो. नव्या संहितेप्रमाणे, परिशिष्टात दिलेल्या रोगांपैकी एखादा रोग कामामुळे झालेला रोगी पाहिल्यास त्याची लेखी खबर सरकारी अधिकाऱ्यास देणे हे डॉक्टरचेही कर्तव्य आहे, आणि १९४८ च्या कायद्यातही ते होतेच. शिशाची विषबाधा, कापसाच्या धुळीचा विकार, आवाजाने आलेला बहिरेपणा, रसायनाने होणारा त्वचारोग हे सर्व त्या परिशिष्टात आहेत. आमच्या डॉक्टर मंडळींस विनंती इतकीच की तो एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. त्यास औषधाचा खर्च नाही, आणि दोन मिनिटांहून अधिक वेळ नाही.

व्यापारी बंधूंच्या मनातील शंका आम्ही ओळखून आहो. पहिली शंका अशी की, दोष कामगाराचा असता मालकाने का भोगावे? मुलगा बोलत बोलत यंत्र चालवीत होता, सांगितलेले ऐकले नाही, त्यास आम्ही काय करावे? यास कायद्याचे उत्तर १९२३ पासून एकच आहे. दुखापत कामातून व काम चालू असता झाली की भरपाई लागू होते; ती मालकाच्या दोषावर अवलंबून नाही आणि कामगाराच्या साध्या गाफीलपणाने जात नाही. नशा करून काम केले, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, किंवा यंत्राचे संरक्षण जाणूनबुजून काढून टाकले, तरच ती नाकारता येते. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तेवढ्यानेही नाकारता येत नाही. यातील न्याय उघड आहे. दिवसाचे दहा तास यंत्रापुढे उभा राहणारा मनुष्य केव्हातरी चुकणारच. त्या चुकीची किंमत हात असू नये.

दुसरी शंका खर्चाची. येथे आम्ही व्यापाऱ्याशी व्यापाऱ्याच्याच भाषेत बोलतो. समजा, पंचवीस वर्षांच्या, दरमहा १५,००० रुपये मिळविणाऱ्या कामगाराचा अंगठा गेला. कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याची हानी ही कमाईच्या शक्तीत ३० टक्के तूट धरली आहे. पगाराचे ६० टक्के, गुणिले त्या वयाचा ठरलेला अंक २१६.९१, आणि त्याचे ३० टक्के, असा जुन्या भरपाई-कायद्याचा हिशेब केला तर ५,८५,६५७ रुपये होतात. ज्या दुकानास राज्य विम्याचे छत्र नाही त्याच्या मालकाच्या अंगावर ही रक्कम पडू शकते. आता दुसरी बाजू पाहा. कर्मचारी राज्य विमा योजनेत १ जुलै २०१९ पासून मालकाचा हप्ता पगाराच्या ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्का ठरला. म्हणजे त्याच कामगारामागे मालकास दरमहा ४८७ रुपये ५० पैसे, आणि कामगारास ११२ रुपये ५० पैसे. त्यात कुटुंबासह औषधोपचार आला. दुखापतीने घरी बसावे लागल्यास पगाराच्या सुमारे ९० टक्के मदत आली. आणि अंगठा गेल्यास आजन्म दरमहा सुमारे ४,००० रुपये आले. जखमेच्या बाबतीत किती महिने हप्ता भरला ही अटही नाही. कामास लागल्याच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. दहाहून कमी माणसे असल्यास काय, असे कोणी विचारील. सामाजिक सुरक्षा संहितेने त्याचीही वाट ठेविली आहे: मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर लहान आस्थापनेसही या योजनेत स्वखुशीने जाता येते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावलेल्या कामगारांमध्ये काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून आपले अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे, आणि पुण्याच्या भोवतालचे कामगारही त्यांत येतात. पुष्कळ कामगारांची विम्याची नोंद अपघात झाल्यानंतर घाईघाईने केली जाते, हे त्या अहवालांतून पुनःपुन्हा दिसले आहे. पावसात भिजल्यावर छत्री विकत घेण्याचा हा प्रकार आहे. कामगार पहिल्या दिवशी कामावर आला की त्याच दिवशी त्याचे नाव कागदावर आले पाहिजे.

तिसरी शंका हमालाविषयी असते. तो कोणा एका दुकानाचा नव्हे; सकाळी याचा गठ्ठा, दुपारी त्याची पेटी. त्याची पाठ गेली तर जबाबदार कोण? हा प्रश्न महाराष्ट्राने यापूर्वीच सोडविला आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेली हमाल पंचायत आणि मुंबईतील माथाडी चळवळ यांच्या दीर्घ लढ्यानंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. अनेक मालकांनी मिळून एका मंडळाकडे वर्गणी भरावयाची व मंडळाने कामगाराची सोय पाहावयाची, हे त्याचे तत्त्व होय. ओझ्याविषयी म्हणाल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच सज्ञान पुरुषाने एका वेळी वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली आहे. जुन्या वाड्याचा उभा जिना चढताना हे ओझेही फारच होते, हे ज्याने एकदा रिकाम्या हाताने तो जिना चढून पाहिला त्यास सांगावे लागणार नाही.

चौथी व खरी शंका अशी की, लिहून ठेवले तर तेच आपल्यावर उलटेल. ‘पोरगा घरच्यासारखा आहे, त्यात कागद कशाला?’ असे गोड शब्दांत तीच भीती बोलून दाखविली जाते. आम्ही विचारतो, घरच्या मुलाचे बोट तुटले असते तर आपण डॉक्टरास खोटे सांगितले असते काय? जो घरचा आहे त्याच्याविषयी तर अधिक खरे लिहावे. आणि हेही ध्यानात घ्यावे की लपविलेली दुखापत पुढे उघडकीस आली म्हणजे मालकाच्या वाईट हेतूचा पुरावा होते; त्याच दिवशी लिहिलेली दुखापत त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होते. वहीस भ्यावे अशी एकच गोष्ट आहे: चौदा वर्षांखालील मूल कामावर असणे. परंतु तेथे चूक वहीची नव्हे. ते मूल तेथे असणे हाच अपराध आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक दुकानात व कारखान्यात, मग तेथे दोनच माणसे असोत, रोजकीर्दीशेजारी एक दुखापतीची वही असावी. तीत तारीख व वेळ. नाव व वय. काय काम चालू होते. कोणते यंत्र, शिडी, तार अथवा द्रव्य होते. शरीराचा कोणता भाग दुखावला. किती दिवस काम बुडाले. आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय बदल केला, इतके रकाने पुरेत. दोष कोणाचा, हा रकाना मुळीच ठेवू नये. तो असला की लोक खरे सांगत नाहीत, आणि खरे समजले नाही तर वही व्यर्थ होय. थोडक्यात बचावलेले प्रसंगही लिहावे: शिडी सरकली पण मनुष्य पडला नाही, तारेचा झटका बसला पण सुटला. आज जे थोडक्यात चुकले तेच उद्या न चुकता घडते. नोंदीची सही केलेली एक प्रत कामगाराच्या हाती द्यावी. आणि दवाखान्यात, काहीही झाले तरी, खरे कारण सांगावे.

अशी वही वर्षभर ठेवली तर ती बोलू लागते. समजा, शाळा उघडण्यापूर्वीच्या घाईच्या दिवसांत एखाद्या पुस्तकबांधणाराच्या वहीत तीन नोंदी झाल्या, आणि तिन्ही रात्री आठनंतरच्या, एकाच कापणीयंत्रावरच्या निघाल्या. मालकास मग पंचांग पाहण्याचे कारण नाही. दिवा अपुरा आहे, माणूस थकलेला आहे, आणि दोन्ही हातांनी दोन कळा दाबल्याखेरीज पाते खाली येऊ नये अशी जी सोय त्या यंत्रास होती ती घाईत कोणीतरी बंद केली आहे, हे त्या तीन ओळी सांगतात. सोय पुन्हा सुरू करण्यास काही खर्च येत नाही. नशिबास बोल लावण्यात मात्र दरवर्षी एक बोट खर्ची पडते.

एकट्या दुकानदारास हे जड वाटत असेल तर व्यापारी मंडळांनी ते आपल्याकडे घ्यावे. पुस्तकांच्या, विजेच्या व भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या गल्लीच्या नोंदी, नावे गाळून, दर तीन महिन्यांनी एकत्र वाचाव्या. एकाच्या दुकानातील अपघात दहांस शहाणे करील. गणेशोत्सवात ज्या मंडळांसाठी मांडववाले व दिव्यांचे कारागीर रात्री-अपरात्री उंचावर चढतात त्या मंडळांनीही वर्गणीच्या वहीसोबत ही वही ठेवावी. उत्सव देवाचा असला तरी शिडीवरून पडणारा मनुष्य कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

१८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती याच पेठेत, भिडे यांच्या वाड्यात. सरकारी हुकुमाची वाट न पाहता योग्य ते आधी करून दाखविण्याची चाल या भूमीस नवी नव्हे. दुखापतीची वही ही त्या मानाने फार लहान गोष्ट आहे. तिला नियमांची, अधिकाऱ्याची वा अनुदानाची गरज नाही; एक कोरी वही व खरे बोलण्याची तयारी एवढेच हवे. अप्पा बळवंत चौकात वह्यांची कमतरता नाही. येत्या पाडव्यास, दिवाळीत जेव्हा नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा त्या चोपड्यांत ही एक वही असावी, आणि वर्षाअखेर ती कोरी राहिली तर ती खऱ्या सुरक्षेने कोरी राहिलेली असावी, लपविण्याने नव्हे, इतकीच आमची आमच्या व्यापारी बंधूंस विनंती आहे.